बँकॉकचा उकाडा कोणाच्या वाट्याला?

परदेशातल्या कंपनीचे काम लॅपटॉपवर करत हवे तिथे राहणाऱ्या डिजिटल नोमॅड मंडळींचे बँकॉक हे जुने आवडते शहर. थायलंडने जुलै 2024 मध्ये त्यांच्यासाठी खास व्हिसाच काढला: मुदत पाच वर्षे, एका खेपेस 180 दिवस मुक्काम, शुल्क साधारण 10 हजार बात आणि खात्यात पाच लाख बात असल्याचा पुरावा. तिथल्या उकाड्यावर या मंडळींचा एकमेकांना ठरलेला सल्ला असतो. एसीची खोली घ्या, दुपार मॉलमध्ये किंवा को-वर्किंगमध्ये काढा, स्काय ट्रेनने फिरा, जेवण घरी मागवा. सल्ला व्यवहारी आहे, पण त्यातला हिशेब अपुरा आहे. भर दुपारचे जेवण आपोआप चालत दारात येत नाही. आपल्याला टळलेले ऊन डबा घेऊन येणारा अंगावर घेतो, आणि त्याची किंमत ना भाड्यात धरलेली असते, ना व्हिसाच्या शुल्कात.

एसी उष्णता नाहीशी करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही तिच्यात घालतो. सुखुमवित रस्त्याला फुटणाऱ्या अरुंद गल्ल्यांत, म्हणजे तिथल्या सोइंमध्ये, इमारतींच्या भिंतींवर एकावर एक आउटडोअर युनिटे गरम वारा ओकत असतात. सोइच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले मोटारसायकल टॅक्सीवाले मिळेल त्या आडोशाला गिऱ्हाइकाची वाट पाहतात, आणि शेजारी कोणी कोळशाच्या शेगडीवर डुकराच्या मांसाच्या काड्या भाजत उभे असते. एप्रिल 2024 च्या अखेरीस याच शहरात उष्मा निर्देशांक 52 अंशांपुढे जाईल, बाहेर पडू नका, असा इशारा दिला गेला. ज्यांचे पोटच बाहेर पडण्यावर आहे त्यांनी या इशाऱ्याचे करायचे काय? त्या वर्षी मेच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतच देशभरात उष्माघाताने 61 माणसे दगावल्याचे थाई आरोग्य खात्याने सांगितले. 2023 च्या संपूर्ण वर्षात हा आकडा 37 होता. त्याच एप्रिलमध्ये थायलंडच्या वीजमागणीने 36 हजार मेगावॅटच्या पुढे उच्चांक गाठला, आणि तोही रात्री. रात्रीचा भार म्हणजे बव्हंशी घरांतला भार. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्र थोडी तरी थंड लागते, आणि पत्र्याखाली पंख्यावर झोपणाऱ्याला नेमकी तीच मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप संख्येचा. 2024 मध्ये थायलंडमध्ये साडेतीन कोटी परदेशी पर्यटक आले. त्यांत नोमॅड ते किती? शिवाय एसी बँकॉकचा मध्यमवर्गही लावतोच. हे खरे आहे, आणि उकाडा नोमॅडांनी आणला असे कोणी म्हणू नये. पण बँकॉकचा रहिवासी कर भरतो, गव्हर्नर निवडतो आणि एप्रिलमध्येही तिथेच असतो. नोमॅड मार्च ते मे सरळ उठून दुसऱ्या देशात जाऊ शकतो. वर्षात 180 दिवसांच्या आत राहिला तर तो कराच्या दृष्टीने रहिवासी ठरत नाही, आणि ठरला तरी परदेशातली कमाई थायलंडमध्ये आणेपर्यंत तिच्यावर कर नाही. मग त्याच्याकडून देशाला मिळतो तो मुख्यतः खरेदीवरचा 7 टक्के व्हॅट. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: त्यांच्या खर्चावर लोकांची पोटे भरतात. भरतात, यात वाद नाही. पण डिलिव्हरीवाल्याला पैसे फेरीगणिक मिळतात, त्यामुळे दुपारी एकची ऑर्डर नाकारली की तेवढी कमाई बुडते. बँकॉकचे किमान वेतन जुलै 2025 पासून दिवसाला 400 बात आहे. म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसाचे शुल्क तिथल्या मजुराच्या 25 दिवसांच्या मजुरीइतके. शुल्क वाढले तर ही मंडळी व्हिएतनामच्या दा नांगला नाहीतर बालीला जातील, ही भीतीही मला पटत नाही. विमानतळ, रेल्वे, रुग्णालये आणि मध्यरात्रीही मिळणारे गरम जेवण यांसाठी लोक बँकॉक निवडतात. वर्षाला दोन-तीन हजार बात जास्त पडले म्हणून ते शहर सोडणार नाहीत.

म्हणून या व्हिसावर वर्षाला वेगळा उष्मा अधिभार असावा, आणि तो राष्ट्रीय तिजोरीत न जाता थेट बँकॉक महानगर प्रशासनाकडे जावा. गव्हर्नर चॅडचार्ट सिट्टिपुंट यांनी दहा लाख झाडांचा कार्यक्रम हाती घेतला, तो योग्यच आहे. पण आज लावलेले रोप सावली धरायला वर्षे घेते, आणि टॅक्सीवाल्याला ती येत्या मार्चमध्ये हवी आहे. या पैशातून मोटारसायकल स्टँडांवर छप्पर आणि पिण्याचे पाणी आधी द्यावे, मग दाट वस्त्यांत रात्री उघडे राहणारे थंड सभागृह. परदेशी पर्यटकांकडून 300 बात घेण्याचे थाई मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्य केले आणि अंमलबजावणी वारंवार पुढे ढकलली, त्यामुळे हे सोपे नाही याची जाणीव आहे. त्या शुल्कात पर्यटकांच्या विम्याची तरतूद होती. इथे पैसा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी मागायचा आहे, आणि लॅपटॉपवाल्यांना बोलावू पाहणाऱ्या गोव्यानेही अशी तरतूद पहिल्या दिवसापासूनच करायला हवी, कारण सवलती देऊन झाल्यावर वसुली सुरू करणे सरकारांना जड जाते.