फोन मुलाचा, पोट आईचं

ऑपरेशनच्या तयारीसाठी आता अ‍ॅप आलंय. कधीपासून उपाशी राहायचं, कोणती गोळी थांबवायची, कुठले रिपोर्ट आणायचे, सगळं मोबाइलवर. कागद हरवतो, अ‍ॅप वेळेवर आठवण करून देतं. त्याला माझा विरोध नाही. अ‍ॅप टाकून दिलं की समजावण्याचं काम संपलं, या समजाला आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. अ‍ॅप मुलाच्या फोनमध्ये, सूचना इंग्रजीत, मुलगा रात्रपाळीला. सकाळी खाला दुधाचा चहा प्यायल्या. ऑपरेशन पुढे ढकललं, वर त्यांनाच ऐकवलं, ‘अ‍ॅपवर कळवलं होतं.’ खाला म्हणाल्या, “खाया कुछ नहीं, खाली चाय पी.” खरंच आहे! आपल्या घरांत चहा खाण्यात मोजतो कोण? भूलतज्ज्ञ मात्र मोजतात. साधं पाणी साधारण दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाला सहा तास धरतात. कारण भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. ‘फास्टिंग’ या एका शब्दात हे सगळं मावतं का? आणि रमजानमध्ये कुणी त्याचा अर्थ रोजा असा घेतला तर? पाचला सहरी, नऊला भूल!

नुसतं भाषांतर करूनही भागणार नाही. जिला वाचता येत नाही, तिला मराठी आणि उर्दू अक्षरंही सारखीच परकी. तिला आवाज हवा, आपल्या बोलीतला. आणि समोर माणूस हवा. वर्गात ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग ‘हो सर’ म्हणतो. म्हणून मी मुलांना परत सांगायला लावतो. अ‍ॅपमधलं ‘समजलं’चं बटण म्हणजे तेच ‘हो सर’. नर्सने पाच मिनिटं बसून एवढंच विचारावं, “खाला, उद्या सकाळी काय काय घेणार, सांगा बरं.” चहा तिथेच पकडला गेला असता.

ही मेहरबानी नव्हे. रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला कळेल असं सांगावं, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतच आहे.

आणि आपल्या पोरांनो, ते बटण तुमच्याच बोटाने दाबलं जातं. दाबण्याआधी अम्मीला वाचून दाखवलंत का?