पट्टा तुटला म्हणून…

दिवाळीच्या सुट्टीत नातू कळसाडीला आला. त्याच्या बॅगेतून कपड्यांच्या आधी बाहेर पडले ते बदकाच्या पायांसारखे दोन लांबलचक पंजे. त्यांना फिन म्हणतात. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून आल्यापासून त्याला हे वेड लागलंय. पाण्याखाली हात फारसे मारायचे नसतात म्हणे, पुढे सरकायचं ते या पंजांच्या जोरावर.

एका फिनचा टाचेमागचा रबरी पट्टा बक्कलापाशी तुटला होता. "आजोबा, आता नवीन जोडीच घेतो," तो सहज म्हणाला. झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला! चपलेचा अंगठा तीन-तीनदा शिवून वापरणारी आमची पिढी. पट्ट्यापायी अख्खी जोडी टाकायची? दुसऱ्या दिवशी फिन पिशवीत घालून मी बाजारात चपला शिवणाऱ्या भाऊंकडे गेलो.

त्यांनी पट्टा ताणून उजेडात धरला. बारीक बारीक भेगा दिसल्या. म्हणाले, "गुरुजी, टाका घालून देईन, पण रबर त्याच भोकातून पुन्हा फाटेल. चप्पल तुटली तर माणूस अनवाणी घरी येतो. हे कुठे तुटणार?"

मी गप्प झालो.

रात्री नातवाला खोदून खोदून विचारलं. ऊन आणि हवा लागून रबर वाळतं, चिरतं. खारं पाणी तसंच राहिलं तर बक्कलात मीठ साचतं. म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं आणि पाण्यात उतरण्याआधी पट्टा ताणून बघायचा. खाली एक फिन निसटला म्हणून माणूस लगेच बुडत नाही. पण प्रवाह असेल तर एका पायावर दमछाक होते, आणि दमला की टाकीतली हवाही भराभर संपते.

मला माझं पोहणं शिकणं आठवलं. पाठीला सुका भोपळा बांधून वडील विहिरीत सोडायचे. घरात गाठी मारलेले दोर पुष्कळ होते. गुरं, मोट, गवताचे भारे, सगळं त्यावरच चालायचं. पण भोपळ्याला मात्र कोरा दोर. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने तिथे कधी काटकसर केली नाही.

तेव्हा मंडळी, माझं मत असं झालंय. नातू चुकत होता, कारण फिन धडधाकट होते आणि पट्टा सुटा मिळतो. मीही चुकत होतो, कारण ज्याच्यावर जिवाचा भार आहे त्याला ठिगळ लावायचं नसतं. दुरुस्ती म्हणजे दर वेळी टाका घालणं नव्हे. नेमकं काय बिघडलंय ते ओळखून तेवढंच बदलणं, हीसुद्धा दुरुस्तीच. आम्ही म्हातारे याला उधळपट्टी म्हणतो, आणि पोरं सगळंच फेकून मोकळी होतात. दोघांनीही आधी वस्तू उजेडात धरून बघायला हवी.

नातवाने शेवटी पट्टेच मागवले, स्टीलच्या स्प्रिंगचे. प्रत्येक कंपनीची अडकवण्याची खूण वेगळी असते, म्हणून जुना पट्टा मापाला समोर ठेवून. आणि दोन्ही पायांचे बदलले. एक तुटला म्हणजे दुसराही त्याच वयाचा, हे मला सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्याने सांगावं लागलं!

असो. जुने पट्टे मी टाकले नाहीतच. एक अंगणाच्या फाटकाला बांधलाय. तिथे तुटला तर फार तर शेजारची शेळी आत येईल.