वर्सोव्याची तळी

विलेपार्ल्याच्या उत्तरेस, वर्सोव्याच्या मलजल प्रक्रिया केंद्रात सांडपाणी शुद्ध करण्याची जी जुनी पद्धत आहे तिला वातित तलाव म्हणतात. विस्तीर्ण तळ्यांत तरंगती यंत्रे पृष्ठभाग घुसळून फेसाळ फवारे उडवतात, हवा पाण्यात मिसळते आणि जिवाणू मैला पचवतात. जानेवारी 2023 मध्ये मुंबईतील सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. त्यांची एकूण क्षमता दररोज सुमारे 246 कोटी लिटर असून वर्सोव्याचा वाटा 18 कोटींचा आहे. आधुनिक तंत्रांना जागा बरीच कमी लागत असल्याने जुन्या तळ्यांची जी जमीन मोकळी होईल तिचा निर्णय आधीच, आणि लोकांसमोर, व्हायला हवा. त्यात पहिला विचार तळाच्या गाळाचा करावा लागेल, कारण मलजलातील जड धातू, म्हणजे शिसे, कॅडमियम यांसारखी घातक द्रव्ये, जिवाणूंना पचत नाहीत, ती गाळातच साचतात, आणि तपासणीवाचून त्यावर भराव टाकणे हा निव्वळ अविचार होय. परिसरातील खारफुटीभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने बांधकामाला बंद आहे. अशा जमिनीवर इमारती उभारण्यापेक्षा ती पाणथळ म्हणून राखणेच रास्त, कारण भरतीच्या वेळी कोसळणाऱ्या पावसाला पसरायला पश्चिम उपनगरांत मोकळी जागा उरलेलीच नाही.