कच्चं मडकं असायला काय हरकत आहे?

"अजून कच्चं मडकं आहे!" हा शेरा तुम्हीही कधीतरी खाल्ला असेल. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ असते. पण मडकं कच्चं असतं म्हणजे नेमकं काय, हे मला बाविसाव्या वर्षी चाकावर बसल्यावर कळलं.

पहिला वर्ग पुण्यात केला. दोन दिवसांचा, फी माझ्या महिन्याच्या मेसएवढी. पहिल्या दिवशी हातकाम: गोळ्यात अंगठा दाबून वाटी करायची, मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडं उभं करायचं. ते जमलं. पोळ्याचे मातीचे बैल आपण लहानपणी केलेलेच असतात! दुसऱ्या दिवशी चाक आलं आणि सगळी हवा गेली. गोळा मधोमध बसेचना. घाई केली की भिंत फाटायची. नऊ गोळ्यांचा चिखल झाला. दहाव्याची ताटली झाली. मला पेला करायचा होता.

सुट्टीत तेल्हाऱ्याला घरी आले. माठ घ्यायला गेले तेव्हा कुंभारकाकांना विचारलं, "मी बसून पाहू का चाकावर?" ते आधी हसले, मग सरकले. दोन मिनिटं माझी झटापट पाहून म्हणाले, "मातीशी भांडून कायले राह्यली वं? कोपर मांडीले टेकव. तुहा हात हालला का माती हालते." पुण्यात जे 'सेंटरिंग' म्हणून शिकले होते ते हेच. फरक एवढाच की इथे कुणी फी मागितली नाही.

काकांकडून आणखी एक गोष्ट कळली. आपली कपाशीची काळी माती नुसती वापरता येत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच मडक्याला पडतात. म्हणून गाळाची माती शोधायची, चाळायची, भिजवायची, त्यात राख-लीद मिसळायची, पायांनी तुडवायची. मग माठ घडवायचा, सावलीत वाळवायचा, भट्टीत भाजायचा. त्यावर चकाकी चढवायची नाही, कारण त्याच बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पारा ४५ च्या वर गेला तरी माठ गार राहतो तो असा. हे ज्याला कळतं त्याला आपण 'अडाणी' म्हणतो, बरं का.

आता कच्च्या मडक्याचं. न भाजलेलं भांडं बिघडलं तर पाण्यात टाका, ते विरघळून पुन्हा माती होते. माझे नऊ गोळे असेच परत वापरले गेले. भट्टीत साधारण ६०० अंशांच्या पुढे मात्र मातीत बांधलेलं पाणीही निघून जातं. मग ती परत मऊ होत नाही. म्हणजे कच्चेपणा हा दोष नाही, तो दुरुस्तीचा काळ आहे. पहिल्या वर्षाला एक विषय राहिला, एमपीएससीचा एक प्रयत्न हुकला, की आपण लगेच स्वतःला भाजून मोकळे होतो: "मी असाच." एवढी घाई कशाला?

पण काकांचं एक वाक्य अजून टोचतं. त्यांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. "त्यानं चाकावर बसू नये, असंच मले वाटे," ते म्हणाले. मी पैसे भरून पुण्याला चाक शिकायला गेले. तो चाक सोडायला पुण्याला गेला. तीच माती स्टुडिओत कला ठरते आणि गावात जात. ही गोष्ट कुणालाच खटकत नाही?

सरकारच्या २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आहे. छान. पण अवजारं मिळाली तरी शिष्य कुठून येणार? नव्या शैक्षणिक धोरणात कौशल्याच्या विषयांना श्रेयांक आहेत. कारागिरांना महाविद्यालयात शिकवायला बोलवा, अशा मार्गदर्शक सूचना यूजीसीने २०२३ मध्येच काढल्या आहेत. मग अकोला-अमरावतीच्या कॉलेजांत एका सत्रासाठी गावचा कुंभार मानधनावर का येऊ नये? त्याला पोरांनी 'सर' का म्हणू नये?

यानं प्लेसमेंट होईल असं मी म्हणत नाही. पण प्राचार्यांना एक अर्ज लिहायला काय लागतं? दहा जणांच्या सह्या करा आणि द्या.

तोवर एवढं करा. पुढच्या वेळी माठ घ्यायला जाल तेव्हा वीस रुपयांची घासाघीस करू नका. विचारा, "काका, बसू का चाकावर?" आणि उठताना शिकवल्याचे पैसे द्या.