औषधाला हवी शुश्रूषेची जोड

होळकरांच्या इंदुरातील महाराजा यशवंतराव रुग्णालयात एचआयव्हीबाधितांसाठी एआरटी केंद्र आहे. अशा केंद्रांतून मिळणारे औषध देशात २००४ सालापासून विनामूल्य असून, मुलांसाठी स्वतंत्र योजना २००६ साली सुरू झाली. मात्र औषध मिळाले की प्रश्न मिटला, हा समज आम्हांस मान्य नाही.

मुलाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते. म्हणून प्रत्येक खेपेस वजन घेणे, हे परिचारिकेचे पहिले काम. मात्रा अपुरी पडली वा वरचेवर चुकली, तर विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. आईबाप गमावलेले मूल पुष्कळदा आजीच्या पदराआड वाढते. त्या माउलीला गोळीची वेळ आणि ती देण्याची रीत पुनःपुन्हा समजावणे, हे दुसरे काम. खोकला, ताप वा न वाढणारे वजन दिसताच क्षयाची शंका घेणे, आहार व लसी यांवर लक्ष ठेवणे, हे तिसरे. सर्वांत अवघड काम म्हणजे मुलाला त्याचा आजार सांगणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते तो शाळकरी वयात, समज पाहून, टप्प्याटप्प्याने सांगावा. यासाठी विश्वास लागतो. आणि परिचारिका दर काही महिन्यांनी बदलत राहिली, तर तो जमायचा कसा?

इंदूर दूर आहे, असे म्हणून आम्हां गोमंतकीयांना अंग काढून घेता येणार नाही. २०१४ साली आपल्याच रिवण गावात पालकांच्या विरोधामुळे अनाथाश्रमातील तेरा मुलांना शाळा सोडावी लागली. एका बाकावर बसल्याने वा एका ताटात जेवल्याने हा रोग जडत नाही, हे ठाऊक असूनही हे घडले. अशा भयापोटीच घरची माणसे गोळीची डबी लपवितात आणि पाहुणा आला की त्या दिवशीची मात्रा चुकते. शेजाऱ्याची भीती अशी मुलाच्या रक्तापर्यंत पोहोचते.

सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने शाळेत वा रुग्णालयात असा भेदभाव करण्यास मनाई केली आहे. त्याची अंमलबजावणी सरकारने करावीच. शिवाय प्रत्येक केंद्रात मुलांसाठी प्रशिक्षित आणि स्थिर परिचारिका नेमावी. उरलेली शुश्रूषा समाजाची आहे. या मुलांना वर्गात आणि पंगतीत जागा देण्यास पैसा लागत नाही.