दिवा आणि दिवा धरणारी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि नाना प्रांतांतून आलेल्या माणसांचे एक बहुभाषिक नगर तिच्याभोवती वाढले. अशा नगरात एकच स्त्रीचित्र अनेक परंपरांच्या दृष्टीने पाहिले जाते. त्यातील प्रतीकार्थ नेमका येतो कोठून, हा प्रश्न म्हणूनच येथे अगत्याचा ठरतो.

येथे सर्वपरिचित असलेले चित्र छत्तीसगढ महतारीचे. शासकीय कार्यक्रमांत ते लावावे, असे राज्य शासनाने २०२२ साली ठरविले. भाताच्या लोंब्या व विळा ही तिची लक्षणे. अवनींद्रनाथ टागोरांच्या १९०५ च्या 'भारतमाते'च्या चार हातांत पोथी, भाताची पेंढी, वस्त्र व जपमाळ आहे. अशा चित्रांत अर्थ आधी ठरतो, स्त्री मागाहून येते. ती कोशासारखी वाचावीत, त्यात काही वावगे नाही.

मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील सावळाराम हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे जलरंगचित्रही पुष्कळदा असेच वाचले जाते: दिवा म्हणजे आशा, स्त्री म्हणजे गृहलक्ष्मी. हा अर्थ शीर्षकाने आणि मंदिरांतील दीपलक्ष्मीच्या संस्काराने पुरविलेला आहे. वस्तुतः दीपलक्ष्मी दिवा पुढे धरते. ही स्त्री त्याला तळहाताचा आडोसा करते. तिची बोटे ज्योतीने आरक्त झाली आहेत. न रंगविलेला वारा त्या हातामुळे जाणवतो. चित्राचा आशय आशेपेक्षा जपणुकीचा आहे, आणि तो कृतीतून प्रकटतो.

चिन्हार्थाच्या या घाईची किंमत मोठी आहे. १९४५-४६ चे हे चित्र अनेकांनी १९०६ सालीच निधन पावलेल्या राजा रविवर्म्याच्या नावावर घातले. चित्रासाठी दिवा घेऊन तिष्ठत उभी राहिली ती हळदणकरांची कन्या गीता उपळेकर; २०१८ साली, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. प्रतीकाचे कौतुक होत राहिले; चित्रकार आणि दिवा धरणारी, दोघेही नजरेआड राहिले.

भारतीय साहित्यांतील स्त्रीप्रतिमांचा अभ्यासही या दोषापासून मुक्त नाही. माता, शक्ती, भूमी ही उत्तरे तेथे प्रश्नाआधीच तयार असतात. अभ्यासकाने प्रथम ती स्त्री काय करीत आहे हे पाहावे. ती कशाचे प्रतीक आहे, हे नंतर ठरवावे.