सही एकाची, सेवा दुसरीची

नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या गावठाणात घरं एकमेकांना खेटून आहेत. कुणाकडे दुखणेकरी आहे हे लपत नाही. भावकी येते, चहा घेते, सल्ला देऊन जाते. रात्री कूस बदलायचं काम मात्र सुनेकडे नाहीतर लेकीकडे.

अशाच एका सुनेशी बोलणं झालं. सासऱ्यांना अर्धांगवायू, नाकात नळी. पेज किती गाळायची, सिरिंजमधून किती हळू सोडायची, पाठीवर लाली दिसली की कुठल्या कुशीवर ठेवायचं, सगळं तिला तोंडपाठ. बोलता येत होतं तेव्हा सासरे तिला म्हणाले होते, "मना त्या मशीनवर नको ठेवू गो." पुढे आयसीयूत व्हेंटिलेटरचा प्रश्न आला, तेव्हा सही दिराने केली. "आमच्याकडून काही कमी पडायला नको, सगळं करा डॉक्टर." त्याला दोष देववत नाही. बापाचा श्वास आपल्या सहीने थांबला, हे ओझं कोण उचलेल? पण ती दाराशीच उभी होती आणि तिला कुणी काही विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की शेवटच्या उपचारांबद्दल इच्छापत्र करताना सेवा करणाऱ्या माणसाला त्या बोलण्यात बसवाच.

याला आपल्याच मुंबईतला मोठा आधार आहे. केईएम रुग्णालयात १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. २०१५ साली त्या गेल्या, तोवर परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणात असूनही त्यांना एक बेडसोर झाला नाही, याची सर्वोच्च न्यायालयानेही दखल घेतली. त्यांचं अन्न थांबवावं असा अर्ज आला, तेव्हा २०११च्या निकालात न्यायालयाने अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच दिला. निकालाशी कुणाचे मतभेद असतील, पण सेवा करणाऱ्याच्या शब्दाला त्याने वजन दिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली. २०२३ पासून पद्धतही सोपी झाली. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्यांची नावं. एकाहून जास्त नावं चालतात. मन बदललं तर लेखी रद्दही करता येतं. इच्छापत्राची प्रत सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थेत अधिकारी असावा, यासाठी मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. कागद असला म्हणून कुणी लगेच मशीन काढत नाही. रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळं तपासून मगच ठरवतात.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतल्या सेविका गावठाणात घरोघर ओळखीच्या असतात. ही माहिती त्यांच्या तोंडून जायला हवी, तीही माणूस धडधाकट असताना. आणि त्या कागदावर थोरल्या मुलाच्या नावाखाली पेज भरवणाऱ्या सुनेचं नाव लिहायला सासऱ्यांनी स्वतः सांगावं. पुढे दिराला एकट्याने सही करावी लागणार नाही.